अँटिबायोटिकने प्रतिकारशक्ती कमी होते हे खरं का? आणि लसीचं काय?

मंजिरी_ठाणे:
नमस्कार मंडळी. लेकीला कानाचं इन्फेक्शन झालं म्हणून आमच्या बालरोगतज्ज्ञांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हचं सिरप चालू केलंय. कोर्स संपता संपताच तिचे पंधराव्या महिन्याचे डोस येतायत, एमएमआर आणि न्यूमोकोकलचा बूस्टर. आता सासूबाई म्हणतात अँटिबायोटिकनी पोराची ताकदच जाते, लस पुढे ढकल. तिकडे मैत्रिणीने एक मेसेज पाठवलाय की अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांना लस "लागतच नाही". डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले काही होत नाही, घेऊन या, पण असं का हे विचारायला बाहेर रांग इतकी होती की मीच उठले. तर इथे कोणी नीट सांगेल का की अँटिबायोटिक आणि प्रतिकारशक्ती यांचा खरंच काही संबंध आहे की सगळ्या ऐकीव गोष्टी?

तिरकस_चौकोन:
डॉक्टर हो म्हणाले, लस द्यायला सांगितली. विषय संपला. आता दोनशे प्रतिसाद येतील आणि शेवटी तुम्ही डॉक्टर म्हणाले तेच करणार.

आजीचा_बटवा:
सासूबाई बरोबर आहेत हो तुमच्या. या गोळ्या उष्ण पडतात, तोंड येतं, भूक मरते, मग पोर महिनाभर किरकिरतं. आमच्या घरात अँटिबायोटिकला थाराच नाही. ताक-भात, मऊ खिचडी आणि आराम. शरीराला आपलं आपण लढू द्यावं, सारखी बाहेरची मदत दिली की ते आळशी होतं.

पेशीपुराण:
मंजिरीताई, आधी कामाचं. लस ढकलू नका. अँटिबायोटिक चालू असणं हे इंजेक्शनच्या कुठल्याही नेहमीच्या लसीला आड येत नाही. अपवाद तोंडाने घ्यायच्या जिवंत जिवाणूंच्या लसींचा, म्हणजे टायफॉइडची कॅप्सूल वगैरे, कारण तिथे लसच जिवाणू आहे आणि अँटिबायोटिक तिलाच मारून टाकतं. आपल्याकडे मुलांना टायफॉइडचं इंजेक्शनच देतात, 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने मोहीम काढून मुलांना दिलं ते हेच, त्याला हा नियम लागू नाही. बाळ खूप तापलेलं असेल तर डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतील, पण ते तापासाठी, सिरपसाठी नाही.

आता राहिला संबंध आहे का हा प्रश्न. तर आहे, आणि सासूबाईंची शंका अगदी हवेतली नाहीये. मी इम्युनॉलॉजीत काम करते, माणसांवर नाही, उंदरांवर आणि रक्ताच्या नमुन्यांवर, त्यामुळे औषध मला विचारू नका पण हे सांगू शकते. अमेरिकेत रॉचेस्टरला एका टीमने लहान मुलांच्या रक्तातल्या अँटिबॉडी बऱ्याच वर्षांपासून मोजून ठेवल्या होत्या, त्यातली 560 मुलं घेऊन 2022 मध्ये त्यांनी बघितलं की पहिल्या दोन वर्षांत अँटिबायोटिकचे कोर्स झालेली आणि न झालेली यांच्यात फरक दिसतो का. दिसला. कोर्स झालेल्यांमध्ये डीटीएपी (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला), हिब (मेंदूज्वर-न्यूमोनियाचा एक जिवाणू), पोलिओ, न्यूमोकोकल अशा लसींच्या अँटिबॉडी कमी निघाल्या, जितके जास्त कोर्स तितक्या जास्त कमी. गंमत म्हणजे साध्या अमॉक्सिसिलिनने हा परिणाम दिसला नाही, जास्त जिवाणूंवर चालणाऱ्या औषधांनी दिसला, आणि दहा दिवसांच्या कोर्सने पाच दिवसांच्यापेक्षा जास्त.

पण यात एक मेख आहे. ज्या मुलाला वर्षात चार वेळा अँटिबायोटिक लागतंय ते मूल मुळातच सारखं आजारी पडणारं असू शकतं ना? मग अँटिबॉडी औषधामुळे कमी की त्याच्या प्रकृतीमुळे, हे अशा अभ्यासातून सुटत नाही. आणि अँटिबॉडी कमी म्हणजे लस वाया गेली असंही नाही, पातळी खाली येऊनही बहुतेक मुलं सुरक्षित असतात. त्या मेसेजमधलं "लागतच नाही" हे शुद्ध खोटं आहे.

मंजिरी_ठाणे:
थँक्यू ताई! पण मग औषध जिवाणूवर आणि लस दंडावर, यांची गाठ पडते कुठे?

पेशीपुराण:
आतड्यात. आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीत असतो आणि तिथल्या जिवाणूंशी त्यांची जन्मापासून बोलाचाली चालू असते. जिवाणू आपण खाल्लेला चोथा कुजवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, ती आम्लं बघून काही टी पेशी शांत राहायला शिकतात, म्हणजे अन्नाला शत्रू समजत नाहीत. उंदरांमध्ये तर एक ठरावीक धाग्यासारखा जिवाणू आहे, तो असला की टीएच17 नावाच्या पेशी तयार होतात, नसला की आतड्यात त्या जवळपास दिसतच नाहीत, हे 2009 मध्ये दाखवलं गेलं. एक जिवाणू काढला आणि पेशींची एक अख्खी फळी गायब. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅबमधला चहा गार करून ठेवला होता.

माणसात हे तपासायचं म्हणजे धडधाकट माणसाला कारण नसताना अँटिबायोटिक द्यावं लागतं आणि त्याला कोण तयार होणार, पण अमेरिकेत तसे स्वयंसेवक मिळाले. निओमायसिन, व्हँकोमायसिन, मेट्रोनिडॅझोल असा तिहेरी मारा पाच दिवस, त्यातच फ्लूची लस. 2019 ला 'सेल' या संशोधन-मासिकात आलं. आतड्यातल्या जिवाणूंची संख्या 10,000 पटीने खाली आली. आणि लसीवर परिणाम? पहिल्या गटात काही खास नाही! त्यांना आधीच फ्लू होऊन गेलेले, लसी झालेल्या, म्हणजे शरीराला ओळख होती. मग दुसऱ्या वर्षी मुद्दाम अशी माणसं घेतली की ज्यांच्यात आधीच्या अँटिबॉडी फार कमी आहेत, तिथे मात्र एच1एन1 विरुद्धचा प्रतिसाद स्पष्ट कमी आला. शिवाय दोन्ही वर्षी रक्तात वयस्कर लोकांत दिसते तशी बारीक सूज दिसली. म्हणजे जुनी ओळख असेल तर शरीर सांभाळून घेतं, नव्याने शिकायचं असेल तर आतड्याची साथ लागते असं दिसतंय. लहान बाळाला तर सगळंच नवीन. माणसं मोजकीच होती, एकूण तीसेक, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

बाळांवरचा अलीकडचा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत थेट अँटिबायोटिक मिळालेल्या बाळांत पुढे न्यूमोकोकल लसीच्या अँटिबॉडी कमी, आणि त्यांच्या शीमध्ये बिफिडोबॅक्टेरियम हे चांगले जिवाणूही कमी. आईला बाळंतपणात दिलेल्या औषधाने मात्र तसं झालं नाही.

तिरकस_चौकोन:
म्हणजे सासूबाई 1, डॉक्टर 0?

पेशीपुराण:
नाही हो. उलट बाजूही ऐका ना. नेदरलँड्समध्ये मोठ्या माणसांना अँटिबायोटिक देऊन रोटाव्हायरसची लस पाजली, धनुर्वाताची आणि न्यूमोकोकलची टोचली, अँटिबॉडीत फरक नाही. आणि आपल्या वेल्लोरचं तर फार छान आहे. आपल्याकडच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांत पोलिओचे थेंब नीट लागत नाहीत हे जुनं दुखणं. शंका अशी की आतड्यात आधीच इतके रोगजंतू असतात की लसीच्या विषाणूला जागाच मिळत नाही. मग साडेसातशेच्या आसपास बाळांपैकी निम्म्यांना लसीच्या आधी तीन दिवस आझिथ्रोमायसिन दिलं, आतडं साफ होईल आणि लस चांगली लागेल या आशेने. म्हणजे बघा, तिथे अँटिबायोटिकने लस *सुधारेल* असा अंदाज होता. जंतू कमी झाले, आतड्याची सूजही कमी झाली, पण लस दोन्ही गटांत साधारण निम्म्याच मुलांना लागली. काही फरक नाही. 2016 चं आहे हे.

त्यामुळे "अँटिबायोटिकने प्रतिकारशक्ती जाते" या वाक्यात अडचण अशी की अँटिबायोटिक एक नाही आणि प्रतिकारशक्तीही एक नाही. कुठलं औषध, किती दिवस, कुठल्या वयात, आणि शरीराला कुठलं काम करायचंय, यावर सगळं. बाटलीतलं पाणी कमी-जास्त व्हावं तशी ती शक्ती मोजता येत नाही.

डॉ_खोकला:
वा, धागा रंगलाय. छातीचा डॉक्टर आहे, नागपूर. वर सगळं आतड्यावरून चाललंय पण काही अँटिबायोटिक थेट आपल्या पेशींवरच काम करतात आणि आम्ही ती त्याच्यासाठीच मुद्दाम वापरतो हे कुणी सांगितलं नाही.

जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस म्हणून एक आजार असायचा, बारीक श्वासनलिका सुजून पूने भरायच्या, शेवटी स्युडोमोनास नावाचा चिवट जिवाणू बसायचा आणि पेशंट जायचा. सत्तरच्या दशकात पाच वर्षं जगणारे साधारण 63 टक्के. मग टोकियोच्या डॉ. कुडोंच्या समोर एक पेशंट आला, हा मरायला हवा होता पण सुधारलाय. चौकशी केली तर त्याच्या गावाकडच्या डॉक्टरने दोन वर्षांहून जास्त काळ रोज एरिथ्रोमायसिन चालू ठेवलेलं, बहुधा दुसरं काही सुचलं नाही म्हणून! कुडोंनी हसण्यावारी न नेता इतर पेशंटना देऊन बघितलं. 1985 नंतरच्या पेशंटमध्ये तोच आकडा 91 टक्क्यांवर गेला. आणि खरी गोम पुढेच आहे. त्या डोसमध्ये एरिथ्रोमायसिन स्युडोमोनासला मारतच नाही. जंतू तिथेच, पेशंट बरा. औषध काम करत होतं ते आपल्याच न्यूट्रोफिल नावाच्या, पू बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, त्यांना फुप्फुसात बोलावून घेणारा आयएल-8 हा निरोप कमी करून. पूच कमी झाला.

त्याच धर्तीवर आम्ही सीओपीडीच्या (फुप्फुसाचा जुनाट, दम लागणारा आजार) ठरावीक पेशंटना आझिथ्रोमायसिन लांब देतो. 2011 चा अमेरिकेतला ट्रायल आहे, 1,142 माणसं, रोज 250 मिलिग्रॅम वर्षभर, दम उसळण्याचे प्रसंग कमी झाले. पण कानावर परिणाम झालेले जास्त निघाले, आणि घशातले जंतू औषधाला सरावले. ईसीजी बघितल्याशिवाय आम्ही सुरू करत नाही, आणि आपल्याकडे तर आधी थुंकी तपासून टीबी आणि त्याचे भाऊबंद नाहीत याची खात्री करावी लागते. हे सांगायचं कारण म्हणजे उद्या कुणी धागा वाचून बाबांना रोज आझी चालू करेल. करू नका.

डॉक्सिसायक्लिनचंही तसंच. हिरड्यांच्या आजारात 20 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, इतका कमी डोस की जंतूला कळतही नाही, पण हिरडीचं कोलॅजन खाणारं एन्झाइम थांबतं.

औषधवाला_सांगली:
डॉक्टरसाहेब तुम्ही आझीचं नाव काढलं म्हणून लिहितो. तीस वर्षांचं दुकान आहे आमचं. लोक येतात आणि म्हणतात "ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या". नाव सुद्धा घेत नाहीत, बोटं दाखवतात. कोरोनात तर घरात तांदळाशेजारी आझी ठेवलेली माणसं बघितलीत मी, आणि ताप आला की प्रत्येकाला एक. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात मिळते, मग आपण वाईट का व्हा अशी आमच्या लाईनमधल्या बऱ्याच जणांची गत. तेव्हा व्हॉट्सॲपवर हेच फिरत होतं की आझी फुप्फुसाची सूज उतरवते. म्हणजे ते काहीतरी खरं होतं म्हणायचं का?

डॉ_खोकला:
तर्क खरा होता, उत्तर नाही आलं. आझी सूज कमी करते हे माहीत होतं म्हणून तर ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये ती घेतली. सात हजारांवर ॲडमिट पेशंट, आझी मिळालेल्यांत 22 टक्के गेले, न मिळालेल्यांत 22 टक्के. इतकं सपाट उत्तर क्वचित येतं. एका आजारात सूज उतरवते म्हणून दुसऱ्यात उतरवेल असं नसतं.

औषधवाला_सांगली:
बघा की. आणि आम्ही पेट्याच्या पेट्या विकल्या. शेड्यूल एच1 चं रजिस्टर असतं आमच्याकडे, बरीचशी भारी अँटिबायोटिक त्यात येतात, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, तीन वर्षं जपून ठेवायचं. आझी मात्र साध्या एच मध्ये, चिठ्ठी लागतेच पण रजिस्टर नाही, त्यामुळे कुणी विचारत नाही.

वरोऱ्याचा_बाळू:
मी इथं कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. पण अँटिबायोटिक अन प्रतिकारशक्ती म्हटलं तर आमच्या खात्याचा विषय घेतल्याबिगर धागा पुरा होत नाही. कुष्ठरोग तंत्रज्ञ होतो, चंद्रपूर जिल्ह्यात, आता रिटायर.

आमच्याकडे एमडीटीचं, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्र औषधांचं पाकीट असते, महिन्याचं एक. रिफाम्पिसिन महिन्यातून एकदा समोर घ्यायची, डॅप्सोन रोज, क्लोफॅझिमिन रोज. फुकट भेटते सरकारी दवाखान्यात. जास्त जंतू असलेल्याले बारा पाकिटं. आता एखादी बाई पाठीवर एक फिक्कट, बधिर चट्टा घेऊन येते, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून वर्षभर अंगावर काढलेला असते. आपण पाकीट सुरू करतो अन दोन-तीन महिन्यांत तो चट्टा लाल होते, सुजते, गरम लागते, कोपराच्या आतल्या अंगाची नस दोरीवानी जाड होते अन हात लावला की बाई ओरडते. ती म्हणते तुमच्या गोळ्यांनी बिमारी वाढली. अन गोळ्या चुलीत. किती पाहिले असे.

होते काय, की ते जंतू जिवंत असताना अंगातली प्रतिकारशक्ती झोपून असते, तेच तर या बिमारीचं मूळ. औषधानं जंतू मरतात पण मेलेल्यांचा कचरा कातडीत अन नशीत वर्षानुवर्षं पडून राहते, कारण ते हळू साफ होते. तिकडे प्रतिकारशक्ती जागी होते अन त्या कचऱ्यावर तुटून पडते. उंदीर औषधानं मेला खरा पण माळ्यावर मेला, तसं आहे ते. हे आमच्या भाषेत रिॲक्शन, टाइप वन. जंतूचं वाढणं नाही, आपल्याच पेशींचं लढणं, पण लढाई नशीत असते म्हणून हात वाकडा होते, पाय पडते. अन हे कधीकधी उपचाराच्या आधी नाहीतर पाकिटं संपल्यावरही होते, म्हणजे सगळा दोष गोळ्यांचा नाही.

त्याच्यावर उपाय प्रेडनिसोलोन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायची, अन *त्याच वेळी एमडीटी चालूच ठेवायची*. हे समजावता समजावता माझा जन्म गेला. दर भेटीला बॉलपेनचं टोक तळव्यावर हलक्यानं टेकवायचं, डोळे मिटून कुठं टेकलं ते बोटानं दाखव म्हणायचं. कालपर्यंत करंगळीचं कळत होतं अन आज कळलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं, उद्या नाही. नस सहा महिन्यांच्या आत सांभाळली तर परत येते, नाहीतर गेली.

दुसरी टाइप टू, लाल दुखऱ्या गाठी अन ताप, हातापायावर, तोंडावर. तिथं मजा पाहा, क्लोफॅझिमिन ही जंतू मारणारीच गोळी पण डोस वाढवून त्या सूजेसाठी देतात. एकच गोळी, दोन कामं. फक्त कातडी काळी-तांबडी पडते, पोरीबाळी त्याच्यानंच सोडतात. वर्षभरात उतरते तो रंग, पण लग्न तोंडावर असलं की वर्ष कोण थांबते.

पेशीपुराण:
बाळूकाका, हे आमच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेलं असतं. कृपया लिहीत जा. आणि तुमची डॅप्सोनही तशीच दुहेरी आहे, जंतू नसलेल्या कातडीच्या काही आजारांत, जिथे न्यूट्रोफिल उगाच जमा होतात, तिथे ती चालते.

कोकणकडा:
बाळूकाकांनी लिहिलं तसं आमच्याकडे लेप्टोमध्ये, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापात बघितलंय. लावणीच्या दिवसांत भावाला ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पाय टेकवेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी लेप्टो धरूनच इंजेक्शन चालू केलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं की दोन-चार तासांत थंडी वाजून ताप अजून चढेल, घाबरू नका, आम्ही इथेच आहोत. आणि तसंच झालं, पांघरुणं टाकून दोघांनी धरला होता त्याला, दात वाजतायत, बीपी खाली, सिस्टर दर थोड्या वेळाने पट्टा बांधून बघतायत. आईला सांगून ठेवलं नसतं तर तिने सलाईन काढून मुंबई गाठली असती. याला काहीतरी जर्मन नाव आहे.

डॉ_खोकला:
यारिश-हर्क्सहायमर रिॲक्शन. यारिश ऑस्ट्रियाचे, हर्क्सहायमर जर्मन. सिफिलिसच्या पेशंटला पारा द्यायचे त्या जमान्यात त्यांनी हे लिहून ठेवलंय, 1895 आणि 1902, म्हणजे पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. मळसूत्रासारखे जंतू भराभर फुटतात, त्यांचे तुकडे रक्तात येतात आणि शरीर एकदम भडकतं. एक दिवसात उतरतं. ही ॲलर्जी नाही, पण लोक आयुष्यभर "मला पेनिसिलिन चालत नाही" सांगत फिरतात. 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टो उसळला होता तेव्हापासून पाण्यातून चालून आलेल्यांना महापालिका डॉक्सी घ्यायला सांगते, 72 तासांच्या आत, ते प्रतिबंधासाठी, डॉक्टरांना विचारून.

आजीचा_बटवा:
पण बघा, शेवटी शरीरच लढतंय ना, मी वेगळं काय म्हणत होतो? लवकर औषध दिलं की शरीर शिकतच नाही.

पेशीपुराण:
काका, यात थोडं तथ्य आहे बरं का. टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल आलं तेव्हा ताप पटकन उतरायला लागला पण काही आठवड्यांनी उलटणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि त्याचं एक स्पष्टीकरण हेच दिलं जायचं की जंतू लवकर दबल्याने शरीराचा प्रतिसाद अर्धवट राहिला. पण त्याच औषधाने किती जीव वाचले ते बाजूला ठेवू नका, त्याआधी टायफॉइडचे रोगी आतडं फाटून मरायचे.

डॉ_खोकला:
आणि घशाचं घ्या. बहुतेक घसादुखी विषाणूची, तिथे तुमचं ताक-भात आणि आराम अगदी योग्य, मीही तेच सांगतो. पण स्ट्रेप्टोकोकसची असेल आणि ताप-गाठी-पांढरे ठिपके असतील तर शरीराला आपलं आपण लढू दिलं की काय होतं माहितेय? शरीर लढतं, जंतूसारखी दिसणारी हृदयाची झडपच त्याला शत्रू वाटते, आणि दहा-बारा वर्षांची पोर आयुष्यभरासाठी बिघडलेली झडप घेऊन माझ्याकडे दम लागतो म्हणून येते. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तर हे टळतं. इथे अँटिबायोटिक चुकीची शिकवणीच थांबवतं.

मंजिरी_ठाणे:
बाप रे. एक शेवटचं, सिरपबरोबर प्रोबायोटिकची पुडी लिहून दिलीय. द्यायची का? आणि आतडं परत नीट व्हायला किती वेळ जातो?

पेशीपुराण:
डॉक्टरांनी दिलीय तर द्या, अँटिबायोटिकने लागणारे जुलाब काही मुलांत कमी होतात त्याने. पण पुडीने जुने जिवाणू परत येतात असं समजू नका. 2018 मध्ये इस्रायलच्या टीमने मोठ्या माणसांत बघितलं तर कोर्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट *उशीर* लागला, पुडीतले येऊन जागा अडवून बसले. डेन्मार्कमध्ये बारा तगड्या पुरुषांना चार दिवस हॉस्पिटलची भारी औषधं दिली, दीड महिन्यात बहुतेक सगळं जाग्यावर, पण सहा महिन्यांनीही काही जाती गायब होत्या. कानासाठीचं सिरप त्या मानाने खूपच सौम्य. वरणभात, भाज्या, केळं, जे खाते ते खाऊ द्या, जिवाणूंना चोथा लागतो. ताकही द्या, आवडत असेल तर.

तिरकस_चौकोन:
आणि पांढऱ्या पेशी? माझ्या मेहुण्याला टीबीसाठी लिनेझोलिड चालू आहे, दर थोड्या दिवसांनी सीबीसी करायला लावतात. गंमत म्हणून नाही विचारत.

डॉ_खोकला:
बरोबर करतायत. आपल्या पेशींमधला ऊर्जा बनवणारा मायटोकाँड्रिया हा मुळात जिवाणूंचाच वंशज, त्याचं प्रथिनं बनवायचं यंत्र जिवाणूंसारखं. लिनेझोलिड जिवाणूंचं यंत्र बंद पाडता पाडता थोडं आपलंही पाडतं, आणि हाडांच्या मज्जेत जिथे रक्ताच्या रोज नव्या पेशी बनतात तिथे आधी जाणवतं. प्लेटलेट, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, सगळ्यांवर लक्ष. शिवाय पायाला मुंग्या येतायत का आणि दिसायला धूसर होतंय का हे त्याला तुम्ही विचारा, पेशंट स्वतःहून सांगत नाहीत. गोळी मनाने बंद करायची नाही, डोस डॉक्टर बदलतील.

निळीशाई:
उशिरा आले धाग्यावर. माझ्या वडिलांना फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी चालू आहे, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. परवा रुटीन लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स आल्या, घराजवळच्या डॉक्टरांनी लगेच पाच दिवस अँटिबायोटिक लिहून दिलं. त्यांना जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. वरचं सगळं वाचून आता भीती वाटतेय की इम्युनोथेरपी चालायची नाही.

पेशीपुराण:
तुमची भीती निराधार नाही पण घाबरून जाऊ नका. इम्युनोथेरपी म्हणजे टी पेशींचा ब्रेक काढणं, आणि त्या पेशी आतड्यातल्या जिवाणूंवर बऱ्याच अवलंबून दिसतात. 2019 मध्ये युरोपातल्या 196 पेशंटचा अभ्यास आला, इम्युनोथेरपीच्या आधीच्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलेले साधारण दोन महिने जगले आणि न घेतलेले 26 महिने. आकडा भयंकर आहे, पण ज्यांना अँटिबायोटिक लागलं ते जास्त खालावलेले होते हे त्यात मिसळलेलं असणारच. आणि त्याच अभ्यासात उपचार *चालू असताना* दिलेल्या अँटिबायोटिकने तसा फरक दिसला नव्हता. तुमच्या वडिलांचं तर चालू झालेलंच आहे.

डॉ_खोकला:
निळीशाई, मी पेशंट बघितलेला नाही म्हणून गोळी द्या किंवा देऊ नका असं म्हणणार नाही. ऑन्कॉलॉजिस्टला आजच फोन करा, रिपोर्टचा फोटो पाठवा. वयस्कर माणसाच्या लघवीत त्रास नसताना पस सेल्स किंवा जंतू दिसणं फार नेहमीचं असतं आणि बहुतेक वेळा त्याला औषध लागत नाही. गोळी सुरू करायचं ठरलंच तर आधी लघवीचं कल्चर पाठवा.

निळीशाई:
ऑन्कॉलॉजिस्टच्या सिस्टरशी बोलणं झालं. गोळी थांबवून ठेवा म्हणाल्या, कल्चर दिलंय लॅबमध्ये, पुढच्या सलाईनच्या आधी रिपोर्ट येईल. बाबा मजेत आहेत, क्रिकेट बघतायत.

डॉ_खोकला:
छान. थर्मामीटर हाताशी ठेवा. ताप 100.4 च्या वर गेला, थंडी वाजली किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला तर मात्र कल्चरची वाट बघत बसू नका, रात्र असली तरी इमर्जन्सीला न्या, आणि तिथे अँटिबायोटिक दिलं तर इम्युनोथेरपीचं कारण सांगून नको म्हणू नका.